अजिंठ्याच्या वाटेवरची काळी-पिवळी

मी एक जुनी काळी-पिवळी जीप आहे. मित्रांनो, तरुणपणी साक्रीच्या बाजाराला लोक माझ्या पायरीवर लटकून जायचे आणि वर माझीच तारीफ करायचे. मग घरोघर नव्या गाड्या आल्या. माझी मागची सीट फाटली, ती तशीच राहिली. आता माझा मालक रुपचंद नाना मला जळगावात एका कॉलेजच्या फाटकापाशी लावतो आणि सुटीच्या दिवशी परदेशी विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेतो.

माणसे जोखायची माझी एक रीत आहे. जाताना प्रवासी जे बोलतात ते मी जमेस धरत नाही. येताना बोलतात तेवढेच धरते.

टांझानियाच्या अमीनाने दोनदा अजिंठा ठरवला. दोन्ही वेळा वाटेत नेरीला नानाची थोरली बहीण तानुबाई रस्त्यात आडवी येऊन सगळ्यांना उतरवू लागली. "बठ्ठा उतरा खाले, चहा ठेयेल शे." चहामागून कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, भरीत कुटले, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी झाल्या, आणि लेणी बंद व्हायची वेळ झाली. पाहुण्याला जेवू घालण्याच्या नादात त्याला काही दाखवायचेच राहते, हे आमच्याकडे नेहमीचे. परतताना अमीना मात्र फोनवर धाकट्या बहिणीला सगळे रंगवून सांगायची.

या हिवाळ्यात ती बहीण, रेहेमा, स्वतःच आली. हाती एकच दिवस. नानाने सकाळीच तानुबाईला फोन केला. "अक्का, आज थांबाव नही. आपला गावमा काय शे देखाले?"

नेरी आली. रस्त्यात कोणी नव्हते. नानाने मला दामटले, तशी रेहेमा मागून काहीतरी पुटपुटली.

"नाना, थांबवा," अमीना म्हणाली. "ही विचारते, वांगी कुटणारी मावशी कुठे आहे?"

"पण लेणी?"

"लेणी हिने पुस्तकात पाहिली आहेत. मावशी त्यात नाही."

तानुबाई कडी लावून रुसली होती. "नही उघाडस," आतून आवाज आला. "आमना गावमा काय शे देखाले?"

नाना मान खाली घालून उभा. रेहेमाने दार वाजवले आणि अडखळत म्हणाली, "तानुबाई, चहा?"

कडी निघाली. तानुबाईने रेहेमाला जवळ घेतले, मग माझ्यात डोकावून भावाला झापले, "पाव्हनासले या फाटेल सीटवर बसाडस का रे?"

लेणी तिसऱ्यांदा राहिली. येताना रेहेमाचे बोलणे जळगावपर्यंत थांबले नाही. ते मी जमेस धरले.

मित्रांनो, कोणी दुरून तुमचे गाव पाहायला आले, तर काय पाहायचे ते त्यालाच ठरवू द्या. आणि दारात माझ्यासारखी जुनी गाडी असेल, तर तिची सीट तेवढी शिवून घ्या. पाहुणा आधी तिथेच टेकतो.