दर दसऱ्याला झिजणारी तार

धुळ्याहून अमळनेरमार्गे जळगावला जाणाऱ्या टॉवरांच्या शेंड्यावरची तार गिरधरभाऊंनी तरुणपणी स्वतः उभं राहून ओढून घेतली होती. आभाळातली वीज अंगावर घ्यायची आणि पोटातल्या काचेच्या धाग्यांतून दोन्ही उपकेंद्रांचं बोलणं चालू ठेवायचं, अशी त्या तारेची दुहेरी नोकरी. आता भाऊ निवृत्तीला टेकले होते आणि तारही टेकलीय असं त्यांचं ठाम मत होतं. दरवर्षी धाग्यातला प्रकाश थोडा जास्त गळायचा. खान्देशचं ऊन, तापीकाठचा वारा, सगळ्यांवर ठपका ठेवून, तार बदला असं सांगणारा निबंध त्यांनी लिहिला होता. उद्या तो समितीपुढे वाचायचा. जन्मात एकदा कुणी आपल्याला तज्ज्ञ म्हणावं, एवढीच हाव.

शेवटची मोजणी करायला हेमांगी ही नवी अभियंता आली. भाऊ कायम उपकेंद्राच्या पॅनलमधल्या पिवळ्या जोडकेबलला प्रकाश मोजायचं यंत्र लावत. हिने ती केबल काढून यंत्र थेट, तार जिथे येऊन संपते त्या भिंतीवरच्या पेटीत लावलं. पडद्यावरची रेघ जळगावपर्यंत निर्मळ गेली. पिवळी केबल मध्ये घेतली, की सुरुवातीलाच खड्डा.

दर खंडेनवमीला भाऊ पॅनलची पूजा करत आणि झेंडूची माळ घसरू नये म्हणून लाल नाड्याने ती त्याच केबलला आवळत. जुना नाडा सोडायचा नाही, त्यावर नवा बांधायचा. दर गाठीने केबल आणखी मुडपायची आणि प्रकाश तिथेच गळायचा. भाऊंच्या आलेखातली एकेक पायरी एकेका दसऱ्याची होती. निबंधात तिला ‘पावसाळ्यानंतरची झीज’ असं भारदस्त नाव होतं.

“सर, हा नाडा कोणी बांधला?”

“उद्या ज्याचं भाषण आहे ना, त्याने.”

हेमांगी म्हणाली, केबल गुपचूप बदलू, निबंध वाचा. भाऊंना क्षणभर ते पटलंही. पण मग धडधाकट तार उतरवली जाणार, आणि तीही आपल्या सहीने. त्यांनी कात्री मागितली. गाठी कापता कापता पुटपुटले, “तार चांगली शे, मीच म्हातारा व्हई गऊ.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच आलेख दाखवला आणि कारण मात्र खरं सांगितलं. समिती पोट धरून हसली. चहाला अध्यक्ष जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, आमच्याकडचीही एक तार झिजतेय, तुम्ही यातले तज्ज्ञ, काय करावं?

भाऊंनी बशीत चहा ओतला. “आधी फुलं कशाला बांधलीत ते बघा.”