एक फेरी आधी

"पाटीकडे बघ. त्याच्याकडे नाही."

आप्पांचा हा आवाज एकवीस वर्षं तिच्या कानात होता. आप्पा म्हणजे तिचे वडील, धावणाऱ्या मुलांचे प्रशिक्षक. निवड चाचणीत दहा हजार मीटरच्या पंचवीस फेऱ्या मोजायचं काम त्यांनी लेकीवर सोपवलं होतं. सगळ्यांत पुढचा धावपटू समोरून गेला की पाटीवरचा आकडा उलटायचा, शेवटच्या फेरीला घंटा वाजवायची. त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे टोळ होता. उंच, काटकुळा, म्हणून सगळे त्याला टोळ म्हणत. त्याचं नि तिचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. ती त्यालाच बघत राहिली, दोन आकडे एकदम उलटले आणि घंटा एक फेरी आधी वाजली. टोळने जीव तोडून ती फेरी घेतली, थांबला, ओणवा झाला. मागचा मात्र स्वतः मोजत आला होता. तो थांबला नाही.

निवड हुकली. टोळ परगावी गेला, एका कंपनीच्या संघातून पगारावर धावू लागला, नावाजला. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "पोरीची चूक झाली, माझ्या मनात काही नाही." केवढं मोठं मन, असं लोक म्हणत. आप्पांनी पुन्हा तिला काही मोजू दिलं नाही. शेवटच्या आजारात गोळ्यासुद्धा स्वतःच मोजून घेत. तिने लग्न केलं नाही. रोज पहाटे देवापुढे बसून एवढंच मागायची, त्याचे पाय शाबूत ठेव.

पुढे ती इस्पितळात व्यायामोपचाराचं काम करू लागली. तीन महिन्यांपूर्वी तिथल्या मावशी कुरकुरत आल्या. "मॅडम, एक ताडमाड पेशंट आलाय. पाय कॉटच्या बाहेर काढून पडलाय, मी दोनदा अडखळले!"

टोळ होता. गुडघा दुखतो म्हणून आलेला.

"ओळखलंस?"

"पाय ओळखले आधी," ती म्हणाली.

पेशंटनी मोठ्याने मोजायचं, हा तिच्या खोलीचा नियम. टोळ मोजायचा, "सात, आठ, नऊ, सात..."

"लबाडा, घरी जायचं नाही वाटतं?"

"घरी कोण आहे?"

एके दिवशी त्याने विचारलं, "आता तरी?" तिने होकाराची मान डोलावली. मावशींनी पेढ्यांची मागणीही करून टाकली. दुखणं मात्र हटेना. पुन्हा तपासण्या झाल्या आणि हाडातली गाठ दिसली. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागणार होता.

काल संध्याकाळी तो शस्त्रक्रियेचा फॉर्म घेऊन तिच्या उपचाराच्या खोलीत आला. "उद्या आठला, मोठ्या इस्पितळात. जवळच्या माणसाची सही लागते. येशील?"

"येईन. हे विचारतात का?"

त्याने फॉर्मची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "त्याआधी एक ऐक. त्या दिवशी मीही मोजत होतो. घंटा वाजली तेव्हा अजून दोन फेऱ्या आहेत, हे मला ठाऊक होतं."

तिला क्षणभर कळेना. "मग थांबलास का?"

"दम संपला होता. मागचा अगदी टाचेशी आला होता. पळत राहिलो असतो तर सगळ्यांसमोर हरलो असतो. थांबलो, तर..."

"तर खापर माझ्यावर."

त्याने फॉर्मची घडी पुन्हा उलगडली.

"आप्पा गेले रे," ती हळूच म्हणाली. "माझ्या हातून पाण्याचा पेला घेताना हसले नाहीत कधी. तू एक ओळ लिहायची होतीस त्यांना. एकच."

"धीर झाला नाही."

"आणि मी रोज तुझ्या पायांसाठी..." मावशी पडद्यामागे भांडी विसळायच्या थांबल्या होत्या.

"उद्या नाही आलीस तरी मी काही म्हणणार नाही," टोळ म्हणाला. आणि काठी टेकत गेला.

सकाळी ती देवापुढे बसली. मागायला काही सुचलं नाही, म्हणून नुसती बसून राहिली. मग पिशवीत चष्मा, पेन आणि एक धुतलेली चादर घातली.

जिन्यात शेजारीण भेटली. "आज एवढ्या लवकर? आणि डोळे का सुजलेत?"

"एक सही करायची आहे," ती म्हणाली, आणि कठडा धरून खाली उतरू लागली.