सहा वर्षांची मुळं

नान-हीनं पाकिटाचा कोपरा कात्रीनं कापला, काळपट काढा कपात ओतला आणि कप टेबलाच्या कडेला ठेवून ती स्वतःच खाली वाकली. हात तोंडापर्यंत नेण्यापेक्षा तोंड कपापर्यंत नेणं आता सोपं जात होतं. काढा कडूजहर होता. तरी तिनं कपात थोडं पाणी घालून विसळलं आणि तेही पिऊन टाकलं. आईनं सहा वर्षं जमिनीत जपलेली मुळं होती ती. तळाशी राहिलेला घोट ओतून देणं तिला कधी जमलं नव्हतं.

वसंतापासून हे चाललं होतं. आधी सलूनमध्ये ड्रायर धरलेला हात गिऱ्हाइकाच्या डोक्यापर्यंत पोचेना. मग पापण्यांवर जांभळट डाग आले, मग जमिनीवर बसलं की उठता येईना. मोठ्या इस्पितळात आजार कळला: स्नायूंचा दाह. गोळ्यांनी थोडं बरं वाटलं, पण शरदात पानं लाल व्हायला लागली तसं सगळं पुन्हा उलटलं. तेजोन शहरातलं तिचं सलून आता बंदच होतं.

आई, माल-रे, गुमसानच्या बाजारात स्वतः पिकवलेली जिनसेंगची औषधी मुळं विकायची. गुमसानमध्ये पोर शिंकलं तरी घरात जिनसेंग उकळायला ठेवतात. गाळ्यावर येणाऱ्या प्रत्येकाला माल-रे छातीठोकपणे सांगायची, यानं प्रतिकारशक्ती वाढते. लेकीचं कळल्यावर तिनं सगळ्यात चांगली मुळं गिऱ्हाइकांच्या नजरेआड ठेवली, त्यांचा काढा करून घेतला आणि पाकिटं भरभरून तेजोनला पाठवत राहिली. आज ती पहिल्यांदाच लेकीबरोबर इस्पितळात यायची होती.

दारातच तिनं लेकीला न्याहाळलं.

“तू कात्री सोडलीस आणि माझ्या डोक्याचं घरटं झालं बघ,” ती म्हणाली आणि लेकीची पर्स स्वतःच्या खांद्याला लावली.

इस्पितळातल्या डॉक्टर प्यो चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी नान-हीला हात वर करायला सांगितलं. हात खांद्याच्या रेषेपाशी थरथरले आणि खाली आले. डॉक्टरांनी तपासणीचे आकडे पुन्हा एकदा पाहिले.

“गोळ्यांशिवाय दुसरं काही घेताय?”

नान-हीनं तोंड उघडायच्या आत आई बोलली.

“घेते तर. मी देते ना. सहा वर्षांचं जिनसेंग, सकाळ-संध्याकाळ. तुमच्या गोळ्यांनी पोरीचं तोंड नुसतं सुजलंय. अंगात ताकद यायला नको?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“आई, बाहेरून रोग शिरला की शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. शत्रू आलाय, धावा. काम झालं की निरोप थांबतात. तुमच्या लेकीच्या अंगात ते थांबतच नाहीत. शत्रू कुणीच नाही, पण फौज धावतेय आणि हिच्याच स्नायूंना झोडपतेय. आमच्या गोळ्या ते निरोप दाबण्यासाठी आहेत.”

“म्हणजे हिची प्रतिकारशक्ती कमी पडत नाहीये?”

“नको तितकी जागी आहे.”

“आणि मी ती वाढवत होते.”

“काढ्यानंच बिघडलं असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच सांगता यायचं नाही. पण आजपासून तो बंद.” मग त्या नान-हीकडे वळल्या. “औषध वाढवतेय. घास घशात अडकायला लागला तर वाट बघू नका, लगेच या.”

इस्पितळासमोरच्या खानावळीत सूप-भाताच्या वाफाळत्या वाट्या आल्या. माल-रेनं चमचा उचलला नाही. बाजारात कुणाला कधी पडतं न घेणारी ती बाई मांडीवर हात ठेवून बसली होती, आणि त्या हातांकडेच पाहत होती. आईला इतकं लहान झालेलं नान-हीनं कधी पाहिलं नव्हतं. तिला ते सोसवेना.

“माझ्याच हातांनी,” माल-रे म्हणाली. “घास अडकेल म्हणाली ना ती? माझ्याच हातांनी.”

“आई, सूप घे.”

“गाळा बंद करते. कुठल्या तोंडानं विकू आता?”

नान-ही किमचीच्या लोणच्याच्या बशीकडे बघत राहिली.

“आई, तो काढा मी प्यालेच नाही.”

“काय?”

“मला त्याच्या वासानंच ढवळतं. तू पाठवायचीस, मी बेसिनमध्ये ओतून द्यायचे.”

“सगळा?”

“सगळा.”

“मग डॉक्टरीणबाईंसमोर का नाही बोललीस?”

“तू शेजारी बसली होतीस ना.”

 माल-रेचा चेहरा लाल झाला, ती टेबलावरून पुढे झुकली आणि लेकीच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

“सहा वर्षं! लेकरासारखी सावली धरली त्या मुळांवर. आणि ही बया गटारात ओतते! गिऱ्हाईक पाया पडत होतं, त्याला नाही म्हटलं मी, तुझ्यासाठी!”

वाढणारी बाई वळून बघू लागली. माल-रेला त्याचं काही नव्हतं. तिनं वाटी पुढे ओढली, भात सुपात कालवला आणि बोलत बोलतच खायला लागली. मध्येच तिचा चमचा थांबला.

“एक घोटही नाही?”

“एक घोटही नाही.”

“देवा,” ती पुटपुटली. डोळ्यांतलं पाणी नाकाच्या शेंड्यापर्यंत आलं, ते तिनं बाहीनं पुसलं आणि पुन्हा शिव्या सुरू केल्या. आळशी, कृतघ्न, बापावर गेलेली.

दुखऱ्या स्नायूंवर बसलेला धपाटा खांद्यापासून कमरेपर्यंत ठणकत होता. नान-हीनं ती वेदना चेहऱ्यावर येऊ दिली नाही. कित्येक महिन्यांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

“हसतेस काय निर्लज्जासारखी?” आई म्हणाली. “सूप गार होतंय.”