आठ तासांचा गुडघा

माझं डोकं भट्टीच्या आधी तापतं, असं कारखान्यात सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. बावीस वर्षं मी ॲल्युमिनियमचे सुटे भाग टणक करते आहे. आधी सणसणीत तापवायचं, लगेच पाण्यात बुडवायचं, मग मंद आचेवर आठ तास मुरू द्यायचं. नीट मुरलेला भाग घासला तरी लवकर झिजत नाही.

माझ्या धाकट्या भावाचा उजवा पाय मांडीपासून कृत्रिम आहे. तो लावून तो घरोघर टपाल वाटतो. त्याच्या गुडघ्यातला ॲल्युमिनियमचा तुकडा पोलादी पिनेवर घासून झिजला आणि भर रस्त्यात गुडघा दुमडून तो पडला. पोस्टातल्या साहेबांनी बजावलं, पुन्हा पडलास तर फेरी बंद, टेबलाच्या कामावर बसवीन. पण चार दारी चार शब्द बोलल्याशिवाय ज्याला अन्न गोड लागत नाही, तो टेबलावर बसून सुकलाच असता. म्हणून म्हटलं, नवा तुकडा मीच करते.

आणि तिथेच माती खाल्ली. परक्याचं काम असतं तर घड्याळ बघून आठ तासांनी काढलं असतं. पण हा माझ्या भावाचा गुडघा! आच वाढवली, चोवीस तास ठेवलं, म्हटलं चांगला पक्का होईल. ॲल्युमिनियम जास्त मुरलं की पुन्हा मऊ पडतं, हे नवीन आलेल्यांना मीच शिकवते. तपासूनसुद्धा बघितलं नाही. अतिशहाणी मेली.

दीड महिना तो रोज सांगत होता, पाय एकदम झकास आहे. मग एका रविवारी त्याची पँट धुवायला घेतली, तर आत ॲल्युमिनियमची करडी भुकटी. गुडघा उघडला, तर माझ्या तुकड्यातलं पिनेचं गोल भोक लांबट झालेलं. त्याला महिन्याभरापासून माहीत होतं. गुडघा दुमडू नये म्हणून मांडी हाताने दाबत चालत होता.

सांगायला काय धाड भरली होती, म्हणून मी ओरडले.

"तू एवढ्या मायेनं केलेलं," तो म्हणाला, "कसं सांगू, ताई?"

चूक माझी होती, आणि तसं त्याला सांगितलं.

दुसरा तुकडा घड्याळ लावून आठ तासांनी काढला. त्याच्याबरोबरच भट्टीत मुरवलेला तसाच एक जादा तुकडा यंत्रावर वजनाखाली दिवसभर घासून बघितला, नावालाच झिजला. सोमवारी भाऊ नवा तुकडा बसवून फेरीवर निघाला. मी रजा टाकून वीस पावलं मागे चालत राहिले. तो जरा डगमगला की माझा हात पुढे जायचा.

उताराच्या तोंडाशी तो थांबला, वळून माझ्याजवळ आला.

"आता घरी जा, ताई. पडलो तर उठेन मी."

मला राग आला. रडूही आलं. तो एकटा उतार उतरू लागला, आणि मी जागची हलले नाही.