अर्थ गिऱ्हाईकाचा

दोघी बहिणींच्या घरात कॉम्प्युटर एकच होता. सकाळी थोरली त्यावर वर्तमानपत्र वाचायची. दुपारी ती आडवी झाली की धाकटी बसायची. चौतीस वर्षं दोघींनी टाइपिंगच्या दुकानात समोरासमोर बसून काढली होती. एका टेबलाची वाटणी त्यांना नवी नव्हती.

थोरली एकोणऐंशीची. हल्ली ती विसरायला लागली होती. चष्मा, किल्ल्या सगळेच विसरतात, त्याचं काही नाही. पण जिला कळफलक डोळे मिटून पाठ होता, तिने मागच्या महिन्यात गल्लीच्या तोंडाशी थांबून विचारलं, "आपण डावीकडे राहतो की उजवीकडे गं?" धाकटीने ते हसण्यावारी नेलं, पण विसरली नाही. बुधवारी दुपारी थोरलीचा डोळा लागलेला बघून तिने कॉम्प्युटरवर वयस्कर माणसांच्या विसराळूपणाबद्दल शोधलं, पानामागून पानं वाचली आणि पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची डॉक्टरांची वेळ घेतली. थोरलीला ती स्वतः सांगणार होती. नीट शब्द जुळवून, जवळ बसून.

दुसऱ्याच दिवशी थोरलीच्या वर्तमानपत्राशेजारी जाहिरात झळकली: 'घरातलं कोणी विसरू लागलंय?' खाली एका म्हातारीचा हरवल्यासारखा चेहरा. धाकटी मागून बघत होती. जे आपल्या तोंडून यायला हवं ते हे यंत्र परस्पर सांगून मोकळं होणार!

शुक्रवारी तिने स्वतःच उपाय केला. जाहिराती अडवतो म्हणणारं, ब्राउझरला जोडायचं एक एक्स्टेन्शन मिळालं, कुलपाचं गोंडस चित्र असलेलं. ते लावलं. शनिवारी जाहिराती दुप्पट झाल्या. मग मात्र तिने भाचीला फोन केला.

भाची एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायची. रविवारी दुपारी ती आली तेव्हा थोरली आत झोपली होती.

"हे काय लावून ठेवलंयस, मावशी?"

"हळू बोल. कुलूप आहे ते."

"याने परवानगी मागितली असेल ना?"

"मागितली. दिली."

"वाचून?"

"म्हणजे काय! अक्षर न् अक्षर वाचलं. एक चूक नव्हती."

"आणि लिहिलं काय होतं त्यात?"

धाकटीने आठवून बघितलं. खरंच, काय लिहिलं होतं?

चूक तिची नव्हती, तिच्या हाताला लागलेल्या वळणाची होती. सतराव्या वर्षी ती दुकानात बसायला लागली तेव्हा थोरलीने पहिल्या दिवशी बजावलं होतं, "अक्षरं आपली, अर्थ गिऱ्हाईकाचा. कागदात काय आहे ते डोक्यात जाऊ द्यायचं नाही." लोक मृत्युपत्रं घेऊन यायचे, राजीनामे घेऊन यायचे, नवऱ्याला सोडून चाललेल्या बायका शेवटची पत्रं घेऊन यायच्या. धाकटीने ती सगळी टाइप केली आणि एकही वाचलं नाही. इतर दुकानांत एकच कार्बन पेपर झिजेपर्यंत वापरायचे. थोरली मात्र प्रत्येक खाजगी कागदाला नवा कार्बन घालायची आणि काम झालं की तो गिऱ्हाईकाच्याच हातात द्यायची. उजेडात धरला तर त्यावर अख्खं पत्र वाचता येतं, म्हणून. लोक जवळची तीन दुकानं सोडून त्यांच्याकडे यायचे. घड्याळाचं दुकान चालवणारा शेजारी चिडवायचा, "तुमच्याकडे काय, मुक्या बहिणींचं दुकान!" थोरली मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "मुक्या नाही हो, शहाण्या." संध्याकाळी दोघींची बोटं निळी असायची. एका बादलीत हात बुडवून दोघी कोणाची जास्त निळी यावर भांडायच्या.

"हे बघ," भाचीने पडद्यावर बोट ठेवलं. "'तुम्ही उघडाल त्या सर्व पानांवरील माहिती वाचणे आणि बदलणे.' लावल्यापासून तू उघडलंस ते सगळं याने बघितलं आणि पुढे विकलं."

"कुलूप असून?"

"चोराकडूनच कुलूप घेतलंस, मावशी."

भाचीने ते काढून टाकलं, आधीच्या शोधाचा माग जाहिरातवाल्यांना देणाऱ्या साठलेल्या कुकीज पुसल्या, जुन्या शोधांची यादी रिकामी केली. मग दुसरं एक्स्टेन्शन शोधून काढलं. परवानगीची चौकट आली तशी धाकटीने तिचा हात धरला.

"थांब! हेही तेच मागतंय."

"मागणारच. पान वाचल्याशिवाय त्यात कोण टपून बसलंय ते याला कळणार कसं? म्हणून कोणी बनवलंय ते बघायचं, किती वर्षं चालू आहे ते बघायचं, माहिती कुठे पाठवतं का ते बघायचं. आणि तरी सगळं झाकलं जात नाही बरं का. बरंचसं झाकलं जातं."

धाकटीने चष्मा पुसला. ओळीवर बोट फिरवत, ओठ हलवत तिने सगळं अर्थासकट वाचलं. वीस मिनिटं गेली. भाची दोनदा जांभई देऊन झाली. मग धाकटीने स्वतः बटण दाबलं आणि वर्तमानपत्राचं पान उघडलं. कोपऱ्यात आकडा आला: तेवीस.

"तेवीस जण? माझ्या मागे?"

"आता अडवलेत."

म्हातारीचा चेहरा गेला होता. धाकटीने सुटकेचा श्वास सोडला, आणि त्याच श्वासात तिला कळलं की आता थोरलीला सांगायला तिच्याशिवाय कोणीच उरलं नाही. गुरुवारपर्यंत गप्प राहता आलं असतं. पण इतकी वर्षं दुसऱ्यांचं झाकणं वेगळं आणि बहिणीचंच तिच्यापासून झाकणं वेगळं.

भाची गेली. थोरली उठून बाहेर आली, खुर्ची ओढून बसली. "आज पान मोकळं दिसतंय."

"अक्का, ऐक. तुझं हल्ली... विसरायला होतंय. मी डॉक्टरांची वेळ घेतलीय."

थोरलीने मान वळवली. "माझं?"

"हो."

"अगं बाई! त्या जाहिराती बघून मला वाटलं, तुझंच काही सुरू झालंय. तू चोरून शोधतेयस. चार दिवस मी तोंडातून शब्द काढला नाही, तुला वाईट वाटेल म्हणून."

दोघी हसल्या. थोरलीचं हसू आधी थांबलं.

"ती गल्ली," ती म्हणाली. "मला आठवतंय ते. तू हसलीस, म्हणून मीही हसले."

धाकटीने तिचा हात हातात घेतला.

"कधी जायचं?"

"गुरुवारी, अकरा वाजता."

"तूही तपासून घे. एकटी मी नाही बसणार डॉक्टरांसमोर."

"घेते."

थोरलीने मान डोलावली, पान खाली सरकवलं, एक बातमी वाचली. मग मान वर केली.

"किती वाजता म्हणालीस?"

"अकरा," धाकटी म्हणाली, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी.