न जुळणारे पट्टे

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी पायपुसणे नाही. हे सांगावे लागते, कारण नाशिकला आल्यापासून कितीतरी लोकांनी मला तेच समजून पाय पुढे केला आहे. त्यांना मी दोष देत नाही. जाड लोकर, आडवे रंगीत पट्टे आणि वयोमानाने आलेला मळकटपणा बघून दुसरे काय वाटणार?

मी एक पांगदेन आहे. आमच्या तिबेटी बायका लांब पायघोळ झगा घालतात, त्याला चुबा म्हणतात. त्या चुबावर पुढच्या बाजूने कमरेला मला बांधतात. पण हा मान फक्त लग्न झालेल्या बाईचा. तुमच्याकडे मंगळसूत्राला जी जागा, साधारण तीच आमच्याकडे मला. म्हणून मी स्वतःला बाईच समजते आणि बाईसारखीच बोलते.

माझा जन्म इथून फार दूर, बर्फाच्या डोंगरांपलीकडच्या एका गावात झाला. घरच्या मेंढ्यांची लोकर, मुळांचे आणि सालींचे रंग. आमच्याकडचा माग अरुंद असतो. त्यावर एक लांबलचक पट्टी विणतात, तिचे तीन तुकडे करतात आणि ते शेजारी शेजारी ठेवून हाताने शिवतात. शिवताना एक रीत पाळायची असते. शेजारच्या तुकड्यांचे पट्टे एकमेकांशी जुळू द्यायचे नाहीत. डावीकडच्या लालासमोर मधला हिरवा आला पाहिजे, आणि त्या हिरव्यासमोर उजवीकडचा पिवळा. हे नीट ध्यानात ठेवा, पुढचे सगळे रामायण यावरूनच घडले.

जिने मला विणले तिची मुलगी ल्हामो. ही ल्हामो लहान असतानाच त्यांना देश सोडून पळावे लागले. खिंडीतल्या बर्फात पोरीचे पाय काळेनिळे पडायला लागले, तेव्हा आईने मला कमरेवरून सोडले आणि तिच्या पायांना गुंडाळले. पुढे हिंदुस्थानात आल्यावर डोंगरात रस्ते बांधायचे काम मिळाले. तिथला उन्हाळा आईला सोसला नाही. ती गेली, आणि ल्हामोपाशी उरले फक्त मी. रोज झोपताना ती माझ्या शिवणीवरून बोट फिरवत राहायची. लाल संपला की पलीकडे हिरवा. तिला आईचा चेहरा हळूहळू आठवेनासा झाला, पण ती शिवण बोटांना पाठ झाली.

पुढे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला रानात आमच्या लोकांची वसाहत झाली. ल्हामोचे लग्न झाले आणि मी तिच्या कमरेला बसले. मग दर हिवाळ्यात स्वेटरांचे गठ्ठे घेऊन नाशिकला येणे सुरू झाले. माझे ते उमेदीचे दिवस! नाशिकची थंडी म्हणजे काय विचारता! देवळ्याचे कांदेवाले यायचे, मालेगावचे दुकानदार यायचे, अंबडच्या कारखान्यातून सुटलेली माणसे यायची. ल्हामो मराठी शिकली ती तिथेच, गिऱ्हाइकांच्या तोंडून. तिचे एक वाक्य ठरलेले असायचे, "घे ताई, पक्का माल हाय. रंग गेला तर परत आण." रंग जायचा नाही, आणि गेलाच तरी पुढच्या हिवाळ्यात ल्हामो खरोखर बदलून द्यायची. एखादी हौशी बाई माझ्याकडे बोट दाखवून विचारायची, "हे केवढ्याला?" ल्हामो नुसती हसायची आणि मला सरळ करायची. तेव्हा मला फार अभिमान वाटायचा, खोटे कशाला बोलू?

ल्हामोची मुलगी यांगझोम. तिच्या नवऱ्याला अंबडला नोकरी लागली आणि ती दोघे नाशिकच्या सिडकोतच राहिली. यांगझोमला लग्नात सासूने स्वतःचे पांगदेन दिले होते. त्यामुळे ल्हामोने मला यांगझोमकडे ठेवायला दिले ते तिच्या लेकीसाठी, डोल्करसाठी. "तिच्या लग्नात मी माझ्या हाताने बांधीन," असे सांगून ती वसाहतीत परत गेली. डोल्कर तेव्हा रांगत होती.

डोल्कर वाढली ती सिडकोच्या गल्लीत. हिवाळाभर यांगझोम स्वेटरच्या दुकानावर असायची, तेव्हा पोरगी शेजारच्या लताबाईंकडे. लताबाई शिवणकाम करायच्या. दारावर 'ब्लाउज, फॉल-पिको' अशी पाटी, आत मशीनची घरघर, आणि मशीनखाली चिंध्यांशी खेळणारी डोल्कर. तिचे पहिले बोबडे बोल मराठीत निघाले. तिखट मिसळ ती डोळ्यांत पाणी न आणता खायची. कुणी विचारले, "तू कुठली गं?" की ती सांगायची, "सिडकोची." "तसं नाही, मूळची?" यावर मात्र ती "सिडकोचीच" म्हणून पळून जायची. मूळचे गाव तिने पाहिले नव्हते. तिच्या आईनेही पाहिले नव्हते.

शाळेच्या राज्यांच्या वेशभूषेच्या कार्यक्रमात तिला एका वर्षी सिक्कीम केले, दुसऱ्या वर्षी अरुणाचल. तिसऱ्या वर्षी यांगझोम म्हणाली, "आपलंच घालून जा, कार्यक्रमापुरतं चालतं," आणि तिने मला बाहेर काढले. डोल्कर ओशाळून म्हणाली, "नको आमा, सगळे पायपुसणं म्हणतील." ती नऊवारी नेसून गेली आणि काय सुंदर दिसली म्हणून सांगू! मला वाईट वाटले, पण राग आला नाही. पोरीचा काय दोष? माझी ओळख तिला कुणी करून दिलीच नव्हती. त्यानंतर मी दिवाणाच्या पोटात गेले ती गेलेच. डांबराच्या गोळ्या विरून गेल्या, कुणी नव्या टाकल्या नाहीत. लोकरीला कसर लागली, शिवणीचा दोरा कुजला, आणि माझे तीन तुकडे हळूहळू एकमेकांपासून सुटू लागले.

वसाहतीतून आजी कधीमधी यायची. आजीला आमच्यात मोला म्हणतात. पण आजी-नातीचे बोलणे हा एक गमतीचा प्रकार होता. डोल्करला तिबेटी कळायचे ते जेवायला बोलावण्यापुरते आणि रागावण्यापुरते. मोलाची मराठी सगळी बाजारातली. त्यामुळे ती नातीला वाढताना म्हणायची, "घे ताई, ताजा माल हाय." डोल्कर खो खो हसायची. मोलाही हसायची, आणि मग तोंड फिरवून बराच वेळ जपमाळ ओढत बसायची.

गेल्या वर्षी डोल्करचे लग्न ठरले. मुलगा वसाहतीतलाच, पुण्यात नोकरी करणारा. सासरची माणसे जुन्या वळणाची. डोल्कर लताबाईंना म्हणाली, "मावशी, मला सगळ्यांपुढे नीट उभं राहायचंय. मोलाला वाटायला नको, की मी नुसती नावाचीच तिबेटी आहे." मोलाला आणायला यांगझोम वसाहतीत गेली, तेव्हा डोल्करने दिवाण उघडला. माझे तुकडे सुटलेले दिसले. मला पोटाशी धरून ती तडक लताबाईंकडे धावली. मोलाला दुरुस्त करून दाखवायचे, एवढेच तिच्या मनात होते.

लताबाईंनी मला टेबलावर पसरले. "अगं बाई, हे शिवणारीनं पार वाकडंतिकडं शिवलं होतं की! एक पट्टा दुसऱ्याला जुळंल तर शप्पथ. थांब, आता कशी झकास करून देते बघ."

मित्रांनो, मला ओरडावेसे वाटत होते. पण कापडाला तोंड कुठले? लताबाईंनी जीव ओतून काम केले. कसरीच्या भोकांना रफू केले, लालासमोर लाल आणला, हिरव्यासमोर हिरवा. तुकडे वरखाली सरकवल्यामुळे ज्या कडा बाहेर आल्या, त्या कात्रीने सरळ कापून टाकल्या आणि मशीनची पक्की टीप मारली. डोल्कर टाळ्या पिटत म्हणाली, "मावशी, आता कसं छान दिसतंय!" तिने आईचे पांगदेन जन्मभर पाहिले होते, पण निरखले नव्हते.

मोला आली. तिच्या डोळ्यांना आता धूसर दिसते. डोल्करने मला तिच्या मांडीवर ठेवले आणि ती समोर हसत उभी राहिली. मोलाचे बोट सवयीने शिवणीवर गेले आणि मशीनच्या टिपेवर थबकले. मग तिने मला अगदी डोळ्यांजवळ नेले. कितीतरी वेळ ती बघत राहिली.

"हा माझ्या आईचा नाय," ती म्हणाली. मला बाजूला ठेवून ती भिंतीकडे तोंड करून बसली.

डोल्करचा चेहरा उतरला. "आमा, काय झालं? काय चुकलं?"

यांगझोम हळूच म्हणाली, "पट्टे जुळवायचे नसतात गं. आपल्यात ते मुद्दाम चुकवतात."

"का?"

"का म्हणजे? रीत आहे. आम्ही असंच बघत आलो."

"मग मला कधीच कसं सांगितलं नाहीस?"

"तू कधी विचारलं नाहीस."

"काय विचारायचं असतं, तेच मला माहीत नव्हतं!" डोल्कर ओरडली आणि रडू लागली. सारे हिवाळे यांगझोमने जगाला स्वेटर घालण्यात घालवले होते. ती नुसती लेकीजवळ जाऊन बसली.

डोल्कर मला घेऊन पुन्हा लताबाईंकडे गेली. सगळे ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं माझे बाई! आधी सांगायचं ना! मी काय गोधडी शिवताना कधी चिंध्यांचे पट्टे जुळवत बसते का? हे असलं मला लगेच कळलं असतं."

"मलाच ठाऊक नव्हतं, मावशी. सांगणार कशी?"

लताबाई उठल्या आणि कोपऱ्यातले गोधडीच्या चिंध्यांचे गाठोडे त्यांनी जमिनीवर उलटे केले. दोघी गुडघ्यांवर बसून शोधू लागल्या. लुगड्यांच्या तुकड्यांतून, शाळेच्या गणवेशांच्या कातरणांतून माझ्या कापलेल्या कडा एक एक करून सापडल्या. शिवणारीण चिंधी टाकत नाही, म्हणून मी वाचले.

"आण इकडं, लगेच उसवून देते," लताबाई म्हणाल्या.

"नको मावशी, मी उसवते. तू फक्त जाड सुई दे."

सकाळच्या उन्हात डोल्कर मोलाच्या पायाशी येऊन बसली. टीप उसवली. तुकडे मांडले, पुन्हा मांडले. तिला जमेना. मोला भिंतीकडेच बघत होती. डोल्करने पहिला टाका घातला तोच सुई बोटात गेली, ती कळवळली, तरी तिने बोट तोंडात धरून दुसरा टाका घातला. मोला वळली. तिला राहवले नाही. तिने नातीचे बोट धरले आणि माझ्यावर ठेवले. "लाल इथे. हिरवा इथे." मग म्हणाली, "धागा ओढू नको, ताई. ढिला. लोकरला श्वास पाहिजे."

त्या दिवसापासून रोज सकाळी ते काम चालले. शिवता शिवता मोला बोलू लागली. खिंडीबद्दल, बर्फाबद्दल, पायांना गुंडाळलेल्या माझ्याबद्दल. शब्द अडला की ती तिबेटीत सांगायची. डोल्कर तो शब्द पुन्हा म्हणायची, चुकायची, परत म्हणायची. यांगझोम दारात उभी राहून ऐकायची. यातले बरेचसे तिलाही नवे होते.

कापलेल्या कडा परत लावल्या, तिथे माझ्या अंगावर आता जोड आहेत. टाके वाकडेतिकडे आहेत. मी पहिल्यासारखी झाले नाही आणि होणारही नाही.

लग्नाच्या दिवशी सगळ्यांसमोर मोलाने मला हातात घेतले. लताबाई पहिल्या रांगेत, डोळ्यांना पदर लावून. मोलाने शिवणीवरून बोट फिरवले, जोडांवरून फिरवले. मग मला डोल्करच्या कमरेला बांधले, गाठ घट्ट केली आणि वर थाप मारली.

"पक्का माल हाय. रंग गेला तर परत आण."

सगळे हसले. डोल्कर हसली नाही. मोलाचे हात धरून तिने विचारले, "कुणाकडे आणू, मोला?"

मोलाने डोल्करचे सुईने टोचलेले बोट शोधून काढले आणि ते तिच्याच दुसऱ्या हातात ठेवले.

मोला या उन्हाळ्यात गेली. शेवटपर्यंत तिच्या बोटांना चाळा होता, जणू माझी शिवणच चाचपत होती.

मित्रांनो, तुमच्याही घरी माळ्यावर, ट्रंकेत, दिवाणाच्या पोटात माझ्यासारखे कुणीतरी असेल. त्याला ऊन दाखवा. पण नुसते ऊन पुरत नाही. ते कसे शिवले, कसे नेसायचे, ते ज्या बोटांना ठाऊक आहे ती बोटे घरात आहेत तोवर त्यांच्या पायाशी जाऊन बसा. काय विचारायचे ते सुचले नाही, तरी बसा.

मी आता डोल्करच्या कपाटात हाताशी असते. परवा एका बाईंनी मला निरखून तिला विचारले, "अगं, हे शिवताना चुकलंय का? पट्टे जुळत नाहीत."

"नाही काकू," डोल्कर म्हणाली, "आमच्यात असंच असतं."