आबांच्या थेंबांची उरलेली बाटली

मी एक जुनी बाटली आहे, डोळ्यांत घालायच्या थेंबांची. मित्रांनो, शांतपणे सांगायचं ठरवलं होतं, पण सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

आबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी त्यांच्या घरी आले. दिवसातून चार वेळा आबा मान वर करत आणि सूनबाई मोजून एक थेंब टाकत. काय माझी बडदास्त होती! डोळा बरा झाला आणि मी उरले. तेव्हाच मला टाकायला हवं होतं. पण आबांचा मुलगा सुतार, वाकडा खिळासुद्धा ‘लागेल कधीतरी’ म्हणून डब्यात ठेवणारा. त्यानं मला फ्रिजच्या दारात उभं केलं. आठ महिने माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

परवा त्यांच्या ढब्बूनं, म्हणजे कुत्र्यानं, डावा डोळा मिटून घेतला. पाणी गळत होतं. उजेडात तो तोंड फिरवायचा, पंजानं डोळा चोळत राहायचा.

“भुसा गेला असेल, निघेल आपोआप,” सुतार म्हणाला.

आज सकाळी बुबुळ धुरकट निळसर दिसलं, तेव्हा त्याला मी आठवले. “आबांना गुण आला, मग याला का नाही येणार?”

मला बोलता येत असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. माझा एक थेंब पडलाच. ढब्बू विव्हळत टेबलाखाली शिरला. आबांनी मला हिसकावून खिशात टाकलं. “दवाखान्यात चल. माझा डोळा असता तर दोन दिवस थांबला असतास का?”

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी ढब्बूच्या डोळ्यात रंग घालून निळा दिवा धरला. बुबुळावरचा ओरखडा हिरवागार चमकला.

“घरचं काही घातलंत?”

आबांनी मला खिशातून काढून पुढे केलं. बाईंनी माझं लेबल वाचलं.

“यानं सूज उतरते, पण जखम भरत नाही, उलट चिघळते. डोळा मिटला, लाल झाला की त्याच दिवशी आणायचं.”

“डोळा वाचेल ना?” सुतारानं विचारलं.

“परवा पुन्हा दाखवा. मग सांगते.”

सुतारानं मला उचललं. सवयीनं हात खिशाकडे गेला, थांबला, आणि त्यानं मला तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

मित्रांनो, बाकीच्या वस्तू ‘आम्हाला जपा’ म्हणतात. मी म्हणते, काम झालं की मला टाका, आणि मुक्या जनावराचा डोळा जपा. ढब्बूच्या नखांचा आवाज मी दारापर्यंत ऐकला. परवा डॉक्टरबाई काय सांगतील, ते ऐकायला मी इथे नसेन.